माझ्या पोटाची बातमी

"काय गं, कितवा महिना?"

दादरच्या भरल्या दुकानात शेठाणीने मला हे विचारलं. माझ्या खांद्यावर लग्नाचा शालू. समोर नवरीची आई, आत्या, मावशी. आमच्या दुकानात साडी अंगावर लावून दाखवतात, आणि ती दाखवणारी बाई मी. वय सत्तेचाळीस, लग्न केलेलं नाही, हे शेठाणीला पक्कं ठाऊक. तरी विचारलं. गिऱ्हाइकं फिदीफिदी हसली. चांगल्या घरच्या बायका म्हणे.

"हिच्या पोटावर निऱ्या बसतच नाहीत," शेठाणी त्यांना म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "उद्यापासून माळ्यावर बस, फॉल लाव."

पोट फुगत होतं हे खरं. परकराची नाडी पुरेनाशी झाली होती. दोन घास खाल्ले की गच्च. सारखं लघवीला जायचं. लालबागला आमच्या चाळीखाली डॉक्टर आहे, त्याच्याकडे गेले. त्याने पोटाला हातसुद्धा लावला नाही. "गॅस आहे. या वयात होतं बायकांना. जरा चालत जा." आजवर दिवसभर उभी राहिलेल्या बाईला हा चालायला सांगतो. डिग्र्या मात्र फ्रेम करून भिंतीवर. दर खेपेला त्याच गोळ्या हातात ठेवायचा. पोट वाढतच गेलं.

मग जिना चढताना धाप लागायला लागली. तेव्हा कुठे दादा मला परळच्या हॉस्पिटलात घेऊन गेला. सोनोग्राफी, रक्त, सीटी स्कॅन. पोटात पाणी झालं होतं, ते काढून तपासायला पाठवलं. सुया सगळ्या मला टोचल्या. रिपोर्टच्या दिवशी मात्र केबिनमधून आवाज आला, "पेशंटबरोबर कोण आहे?"

"तू हयसर बस. मी बघतंय," दादा म्हणाला आणि आत गेला. मी बाकावर, पिशव्या सांभाळत.

बाहेर आला तो हसतच. "साधी गाठ आसा. काढून टाकतले." खाली जाऊन माझ्यासाठी शहाळं घेऊन आला. ज्या माणसाने उभ्या जन्मात मला पाण्याचा ग्लास दिला नाही, तो शहाळं आणतो. मला काय खुळी समजलात?

शहाळं त्याच्याच हातात ठेवलं आणि सरळ केबिनमध्ये घुसले.

"ताई, तुमच्या भावाला सगळं सांगितलंय," डॉक्टर म्हणाला. "तुम्ही कशाला डोक्याला ताप करून घेता? बायका खचतात."

"पोट कुणाचं आहे?" मी विचारलं. खुर्ची ओढली आणि बसले. "तुम्ही सांगेपर्यंत मी उठत नाही."

भीती होतीच, पण चीड तिच्याहून मोठी होती.

त्याने दाराकडे बघितलं. दादा येतो का, म्हणून. मग बोलला. अंडाशयाचा कॅन्सर. पोटात पसरलेला, तिसरी स्टेज. पाणी त्यामुळेच. आधी केमो देऊन गाठी लहान करायच्या, मग ऑपरेशन. दोन्ही अंडाशयं, गर्भाशय, सगळं काढायचं. मग पुन्हा केमो.

"बरी होईन?"

"बऱ्याच जणींचा आटोक्यात येतो. पण या स्टेजला तो उलटण्याची शक्यता जास्त असते. किती वर्षं, ते आज कुणीच सांगू शकणार नाही."

झालं. एवढंच तर बोलायचं होतं. एवढ्यासाठी या शहाण्यांनी मला बाहेर बसवलं होतं. रडले मी, तिथेच, त्याच्यासमोर. मग पदराने नाक पुसलं आणि केमो कधीपासून ते विचारलं.

संमतीच्या कागदावर सही करायला दादा पुढे झाला. पेन मी काढून घेतलं.

वहिनी म्हणाली, "चाळीत नुसती गाठ म्हणून सांगूया. लोक काय म्हणतील?" म्हणू देत. नळावर विचारणाऱ्या प्रत्येकीला मी नाव घेऊन सांगते. कॅन्सर. अंडाशयाचा. काही जणी बादली उचलून लांब सरकतात. सरका.

ऑपरेशन झालंय. शेवटच्या केमो चालू आहेत. केस गेले, तोंडाची चव गेली. तो उलटेल का, माहीत नाही. उलटायचा असेल तर उलटू दे, पण खबर पहिली मला. केबिनमध्ये मी आता एकटी जाते. मरायची वेळ आलीच तर सगळं ऐकून, समजून मरेन. तोवर माझ्या पोटाबद्दल माझ्या पाठीमागे कुणी तोंड उघडायचं नाही.