टिपणीसांच्या गाडीवरचा ओरखडा

आधीच सांगतो, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. गावदेवीची शपथ. ओरखडा सापडला त्या सकाळी मी स्वतः तिथे हजर होतो. म्हणजे पार्किंगमध्ये नव्हतो, बाल्कनीत होतो. म्हणजे तसा आत झोपलेलो होतो, पण बाल्कनीचं दार उघडं होतं आणि टिपणीसकाकांची आरोळी थेट माझ्या उशीपर्यंत आली. याला हजर असणं म्हणत नसतील, तर मी ऑफिसात इतकी वर्षं काय करतोय?

सोसायटीतले किस्से जिन्याखालच्या सामानासारखे असतात. कोणी आणून ठेवले ते आठवत नाही, टाकून द्यायला कोणी तयार नसतं, आणि दर दिवाळीला त्यात एखादी मोडकी खुर्ची वाढते. नवीन पनवेलमधली आमची चार मजली सोसायटी. संध्याकाळी गेटजवळच्या बाकावर आम्ही तिघं बसतो. म्हात्रे मूळचा जासईचा, कंटेनर यार्डात सुपरवायझर, आवाजही कंटेनर ओढणारा. रशीदभाई आखातात बरीच वर्षं काढून आले, आता बाजारात क्रोकरीचं दुकान. आणि मी. कमिटीत माझ्याकडे आधी पाण्याचा पंप होता. तो काढून घेतला, त्याचा किस्सा वेगळा. आता माझ्याकडे फक्त गच्चीची किल्ली आहे. पण किल्ली लोखंडी, वीतभर, किल्ल्याच्या दरवाज्याला शोभेल अशी. पद लहान असलं तरी हत्यार मोठं.

* * *

टिपणीसकाकांनी रिटायर झाल्यावर गाडी घेतली. आयुष्यातली पहिली. पांढरीशुभ्र. शोरूममधून घरी आली, नारळ फुटला, चाकाखाली लिंबं चिरडली, काकूंनी ओवाळलं. त्यानंतर गाडी हलली नाही.

काका रोज सकाळी कव्हर काढायचे, गाडी पुसायचे, एक फूल वाहायचे, इंजिन चालू करून कान देऊन ऐकायचे आणि परत कव्हर घालायचे. सीटवरचं प्लॅस्टिक तसंच होतं. गाडीसाठी खास शॅम्पू आणायला काका बाजारात चालत जायचे.

काकूंची मोठी बहीण, आक्का, नेऱ्याला राहते. आक्काच्या गुडघ्यांनी संप पुकारलेला, त्यामुळे ती पनवेलला येऊ शकत नाही. काकूंची इच्छा एवढीच, की नवऱ्याच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून आक्काच्या अंगणात उतरावं. जगाच्या मानाने फार मोठी मागणी नाही. नेरे काही नेपाळात नाही.

"तो रस्ता बघितलायस?" काका म्हणायचे. "डंपर खडी सांडत जातात. एक खडा उडाला की संपलं."

मग काकू शेअर रिक्षाने जायच्या, मांडीवर डब्याची पिशवी, बाजूला कोणाची तरी कोंबडी. आक्का फोनवर विचारायची, "गाडी खरंच घेतलीये ना गं? का फोटो काढून परत दिली?"

अधूनमधून काकू माझ्याकडून गच्चीची किल्ली न्यायच्या, पापड वाळत घालायला. आमच्या गच्चीवरून नेऱ्याच्या बाजूचे डोंगर स्वच्छ दिसतात. पापड घालून झाले तरी काकू बराच वेळ कठड्याशी उभ्या असायच्या.

* * *

तर ती सकाळ. काकांनी कव्हर काढलं आणि ओरडले. पुढच्या दारापासून मागच्या दिव्यापर्यंत सरळ ओरखडा, शेवटी छोटंसं वळण. एखाद्या मोठ्या अधिकाऱ्याने सही करावी तसं. आणि करणाऱ्याने वर कव्हर व्यवस्थित परत घातलं होतं. कडा दुमडून, नाड्या बांधून.

"कव्हर परत घातलंय म्हणजे चांगल्या घरातला माणूस हाय," म्हात्रे म्हणाला.

काकांनी त्याच्याकडे असं बघितलं, की म्हात्रे दोन पावलं मागे सरला. कंटेनरसमोरही तो सरत नाही.

रशीदभाई खाली बसले. ओरखड्यावरून बोट फिरवलं. "चावीचं काम आहे," त्यांनी निकाल दिला. "पण गाडीची चावी नाही. फ्लॅटची पण नाही. ही मोठी चावी आहे, गोदामाची वगैरे."

सगळे रशीदभाईंकडे बघायला लागले. सोसायटीत गोदाम एकट्या रशीदभाईंचं.

"या अल्लाह," रशीदभाई उठत म्हणाले, "माझ्या गोदामाला नंबरचं कुलूप आहे. यापुढे मी अक्कल फक्त दुकानात वापरणार."

काकू तेवढ्यात चहा घेऊन खाली आल्या. सगळ्यांना कप दिले, गाडीकडे एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "अगंबाई. आता पडलाच आहे ओरखडा, तर जाऊन येऊ या का नेऱ्याला?"

"तुला नेरं सुचतंय!" काका म्हणाले. "गुन्हेगार सापडेपर्यंत ही गाडी पुरावा आहे. हलणार नाही."

काकूंचा चेहरा पडला. मला वाटलं, गाडीसाठीच पडला.

* * *

काका पोलीस चौकीत गेले. सोबत मी. हवालदार भला माणूस. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला आणि विचारलं, "कोणावर संशय?"

काकांनी तळमजल्यापासून सुरुवात केली. माझं नाव पहिल्याच मजल्यावर येऊन गेलं, मी शेजारी बसलेलो असताना. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत हवालदाराचा चहा संपला.

"साहेब," तो म्हणाला, "असं करा, कोणावर संशय नाही तेवढं सांगा. लवकर आटपेल."

काकांनी बराच विचार केला.

"मिसेसवर नाही," ते म्हणाले.

* * *

कोणाच्या तरी डोक्यात आलं, पार्किंगमध्ये सीसीटीव्ही आहे. सगळे सेक्रेटरी बापटबाईंच्या घरी जमले. बाई टीव्हीसमोरून हलेनात.

"कॅमेरा आहे," त्या म्हणाल्या, "पण पार्किंग दिसत नाही."

"मग काय दिसतं?"

"माझी जास्वंद."

झालं होतं असं, की बाईंच्या कुंडीतली जास्वंदीची फुलं रोज सकाळी गायब व्हायची. देवाला एक शिल्लक राहायचं नाही. म्हणून बाईंनी सोसायटीचा कॅमेरा गुपचूप कुंडीकडे वळवला होता. पण वळवल्यापासून रेकॉर्डिंग बघायला सवड झाली नव्हती.

"आलोच आहोत तर बघू या," म्हात्रे म्हणाला.

बघितलं. पहाटेचा उजेड. कुंडी. जास्वंद. मग डावीकडून एक बनियन आला, त्यामागोमाग बनियनच्या आत टिपणीसकाका. इकडेतिकडे बघितलं, सगळ्यात मोठं फूल खुडलं आणि पार्किंगकडे निघून गेले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी फूल उंचावर होतं, तर काकांनी स्टूल आणलं होतं.

बापटबाई काकांकडे वळल्या.

"गाडीला वाहायला," काका शेवटी म्हणाले. "देवच आहे ती एक प्रकारचा."

"माझ्या देवाच्या फुलांवर?" बापटबाई म्हणाल्या. ओरखड्याचा तपास कमिटीने त्याच क्षणी बंद केला.

* * *

आता कायदा झाला, विज्ञान झालं. म्हात्रे म्हणाला, "काका, आमच्या गावाला काय करतात माहीत हाय? गावदेवीसमोर नारळ ठेवतात. ज्यानं केला त्याच्या पोटात कळ येते. हवालदार लागत नाय, कॅमेरा लागत नाय."

काकांचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. त्यांनी लगेच नारळ आणला.

म्हात्रेने नारळ ठेवला आणि ग्रुपवर सगळ्यांना बजावलं: ज्याने केलं त्याने शनिवारपर्यंत कबूल व्हावं, नाहीतर रविवारी पोटात कळ. अर्ध्या लोकांनी हसण्याचे बाहुले पाठवले, अर्ध्यांनी जोडलेले हात.

इथे एक घोटाळा झाला, आणि तो फक्त आमच्याकडेच होऊ शकतो. थंडीचे दिवस. शनिवारी संध्याकाळी मागच्या मोकळ्या प्लॉटवर सोसायटीची पोपटी ठरलेली, आणि तीही म्हात्रेच लावणार होता. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी. शाकाहारी मंडळींचं मडकं वेगळं. मडकी उलटी करून भोवती जाळ केला. पाल्याचा वास सुटला तशी शिस्त सुटली. वालाच्या शेंगा कोणी मोजून खात नाही. बापटबाईंनी तर पातेलं मांडीवरच घेतलं.

रविवारी सकाळी आमच्या सोसायटीत पाण्याची टाकी रिकामी झाली.

प्रत्येक घरात कळ. प्रत्येकाला वाटतंय, आपण काही केलं नाही, मग देवीने आपल्यालाच का धरलं? म्हात्रे स्वतः भिंतीला धरून आला. "काका, मी नाय ओ," तो म्हणाला, "आईशपथ मी नाय." मीसुद्धा अंथरुणात पडल्या पडल्या आठवत होतो, झोपेत वगैरे आपण खाली गेलो होतो का.

सगळ्यात वाईट अवस्था खुद्द टिपणीसकाकांची. "मी माझीच गाडी कशाला ओरबाडीन?" ते पोट धरून विचारत होते, आणि उत्तर द्यायला कोणाच्या अंगात त्राण नव्हतं.

अख्ख्या सोसायटीत ठणठणीत एकच व्यक्ती. काकूंचा शनिवारचा उपास असतो. त्यांनी पोपटीला हातही लावला नव्हता. दारोदार फिरून त्या सगळ्यांना ताक आणि ओवा देत होत्या.

"बघा," म्हात्रे कण्हत म्हणाला, "देवीनं एकट्या काकूंनाच सोडला."

काकूंनी देवीच्या नावाने हात जोडले. जरा जास्तच वेळ.

* * *

त्या रविवारनंतर काका खचले. पोलीस, कॅमेरा आणि देवी, तिघांनी हात टेकले होते. कव्हर घालायचा त्यांना कंटाळा यायला लागला. एक दिवस म्हणाले, "जाऊ दे. आता काय जपायचं तिला? चल तुझ्या नेऱ्याला."

काकूंनी साडी आधीच इस्त्री करून ठेवली होती. सीटवरचं प्लॅस्टिक त्यांनी स्वतः टराटरा काढलं. मागच्या सीटवर मी, धक्का मारायची वेळ आली तर असावा म्हणून. काकांनी गाडी बैलगाडीच्या वेगाने नेली. एक बैलगाडी खरंच पुढे गेली. काकूंनी काच खाली केली होती आणि ओळखीचं दिसेल त्याला हाक मारत होत्या. ओळखीचं नसेल त्यालाही.

आक्का काठी टेकत अंगणात आली. गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली. ओरखड्यापाशी थांबली. शेवटच्या वळणावर बोट ठेवलं.

"काय हो, हे कोणी केलं?"

"सापडला नाही," काका म्हणाले. "नालायक माणूस."

"गंमत आहे," आक्का म्हणाली. "आमच्या वडिलांनी नवी सायकल घेतली होती. कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. नुसती पुसायचे. एक दिवस तिच्या दांडीवर असाच ओरखडा पडला. शेवटी असंच वळण. त्यानंतर आम्हा दोघींना बसायला मिळायला लागली."

"चहा टाकू का गं आक्का?" म्हणत काकू भराभर घरात गेल्या.

काका ओरखड्याकडे बघत राहिले. "म्हणजे त्या काळीसुद्धा असले लोक होते," ते म्हणाले.

* * *

मग चारपाच महिने बरे गेले. गाडी नेऱ्याला जाऊ लागली, भाजीला जाऊ लागली, एकदा रशीदभाईंच्या पुतणीच्या लग्नाला उलव्यापर्यंत गेली. काकू वजनाने वाढल्या आणि आवाजानेही.

आणि जुलैत काकांना गॅरेजवाला भेटला. ओरखडा असा बुजवला, की आपण कुठे बघत होतो तेच कळेना. गाडी पुन्हा पांढरीशुभ्र. दुसऱ्या दिवशी नवीन कव्हर आलं. तिसऱ्या दिवशी काका बाजारात चालत गेले, शॅम्पू आणायला.

रविवारी आक्काच्या नातवाचं बारसं होतं.

शुक्रवारी दुपारी बेल वाजली. दारात काकू.

"सुधीर, गच्चीची किल्ली दे रे जरा."

बाहेर पाऊस कोसळत होता. समोरची बिल्डिंगही दिसत नव्हती, डोंगर तर सोडाच.

"काकू, पाऊस आहे."

"मला दिसतंय," काकू म्हणाल्या.

मी किल्ली दिली.

आता शपथेचं म्हणाल, तर यात पदरचं असं मी एकच घातलंय. ते पापड. काकूंनी आयुष्यात कधी पापड केले नाहीत, विकतचे आणतात. किल्ली त्या पहिल्यापासून अशाच न्यायच्या, कारण न सांगता. आणि मी कधी विचारलं नाही.