निळी बनात

चार्ल्सटनच्या रंगमंचावर वीस वर्षांत जेवढे राजे मेले, त्या सगळ्यांचे झगे सिलास बोनोने शिवले होते. शहरातल्या पलटणीचे कोटही त्याचेच. गिऱ्हाईक राजकारणावर आलं की तो तोंडात टाचण्या धरायचा. टाचण्या धरलेल्याला मत विचारता येत नाही; आणि कुणाचा गुलाम नसला, तरी काळ्या शिंप्याने मत न दिलेलंच बरं.

१८३२च्या हिवाळ्यात राज्याने वॉशिंग्टनच्या केंद्र सरकारला बजावलं, की फेब्रुवारीपासून परदेशी मालावरची तुमची जकात आमच्या बंदरात चालणार नाही. सरकारने जकातीचं ठाणं उचललं आणि बेटावरच्या किल्ल्यात, तोफांच्या आडोशाला नेलं. नेमकी तिथेच सिलासची पेटी अडकली. तिच्यात इंग्लंडची निळी बनात, उंची लोकरी कापड, होती. मुलीच्या, फीबीच्या लग्नात त्याला स्वतःसाठी कोट शिवायचा होता. जन्मभर दुसऱ्यांच्या अंगावर चढवलेलं कापड एकदा आपल्या अंगावर यावं, एवढीच हौस.

"जकात भरलीस तर तू त्यांचा झालास," पलटणीचा कॅप्टन डेलॅनी म्हणाला. त्याच्या टोपीवर जकात झुगारणाऱ्या बंडवाल्यांचं निळ्या फितीचं फूल होतं. "आपण काय गुलाम आहोत, कुणीही उठावं आणि कर लादावा?"

सिलासच्या तोंडात टाचण्या होत्या. या राज्यात राहायचं तर त्याच्यासारख्याला गोरा पालक लागे, आणि त्याच्या कागदावर सही डेलॅनीचीच होती. शिवाय काळं असून स्वतंत्र असल्याबद्दल राज्य त्याच्याकडून दरसाल वेगळा कर घेई. त्या करासाठी कुणी टोपीवर फूल लावलं नव्हतं.

"होडी करून जा की किल्ल्यावर," बायको डायना म्हणाली. "पैसे तर बाजूला ठेवलेत."

"आणि कागदावर सही कोण करेल? तुझा बाप?"

"माझा बाप असता तर निदान तोंड उघडून बोलला असता."

सिलास गेला नाही. फेब्रुवारीत फीबीचं लग्न झालं, तेव्हा तो पलटणीच्या कोटांतून उरलेल्या, घरी कातलेल्या सुताच्या कापडाचा जाडाभरडा कोट घालून उभा होता. मानेला कापड टोचत होतं. फीबी कानात म्हणाली, "बाबा, खाजवू नका, सगळे बघताहेत."

मार्चमध्ये दोन्ही सरकारांचं जुळलं. जकात वर्षावर्षाने उतरणार होती. डेलॅनी हसत दुकानात आला.

"जिंकलो आपण, सिलास. आता खुशाल जकात भर आणि ती बनात सोडवून आण. विजयाच्या मेजवानीला मला कोट हवाय, आणि शहरात तसं कापड दुसरं नाही. किंमत देईन."

"ती मी माझ्यासाठी मागवली होती, साहेब."

"लग्न झालं ना तुझ्या पोरीचं? आता तुला कशाला?"

डेलॅनीचं माप सिलासला झोपेतही सांगता आलं असतं. तरी त्याने मापाची फीत काढली.

"हात वर करा, साहेब."

डेलॅनीने हात वर केले. सिलासने खांदा मोजला, लिहिलेला आकडा पुसला, पुन्हा मोजला. डेलॅनीचे वर धरलेले हात भरून आले.

"अजून किती वेळ? आणि तोंड का असं? आनंद नाही झाला तुला?"

सिलासने डबीतून टाचण्या काढल्या आणि एकेक करून ओठांत धरल्या. मग पुन्हा खांद्यापासून सुरुवात केली.