मुकी पट्टी

भाऊबीजेनंतरच्या आठवड्यात, आरमोरीजवळच्या एका गावी, मंडईतल्या (दिवाळीनंतरची गावजत्रा) दुपारच्या दंडारीत (झाडीपट्टीचे लोकनाट्य) एका प्रेमगीताला तीनदा ‘वन्स मोअर’ मिळाला. गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन तेव्हा चार वर्षे झाली होती. चाल मंडळाचे शाहीर केशवभाऊ यांची, असे जाहीर झाले.

मी वर्तमानपत्रात लोकगीतांवर लिहीत असे. माझ्या खिशात चंद्रपूरच्या सुगंधाबाईंचे पत्र होते. ही चाल आपले दिवंगत पती, कव्वाल शिवदास यांची आहे. गाण्याची कॅसेट निघते आहे, तीवर त्यांचे नाव हवे, एवढेच त्यात होते. गाणे गाजले की असे दावे येतात. पत्रावर माझा विश्वास नव्हता. केशवभाऊंवरही नव्हता.

ते शिंगाडे विकणाऱ्यांच्या रांगेत भेटले.

“चाल कधी सुचली?”

“धान कापता कापता. काऊन साहेब, पेपरात टाकता का?”

चाल वर चढताना मधला एक सूर दर वेळी का गाळता, असे मी विचारले.

“उडी मारल्याशिवाय बाया माना डोलवत नाई.”

“केशवभाऊले तं झोपेतबी चाली सुचते,” पेटीवाले दौलतभाऊ म्हणाले. केशवभाऊ हसले नाहीत. चंद्रपूरला कधी राहिलात का, या प्रश्नाला त्यांचे उत्तर होते, “नाई.”

दुसऱ्या दिवशी चंद्रपूरची एसटी धरली. मूलच्या जंगलात चाक पंक्चर झाले. सागाखाली बसून सहप्रवासी बाईने दिलेले उकडलेले शिंगाडे खाल्ले. दीड तास गेला.

सुगंधाबाईंचे घर परकोटाच्या आत आहे. बुद्धाच्या तसबिरीखाली कापडात गुंडाळलेली बाजाची पेटी होती. त्यांनी गाणे म्हटले. ढोलकीवर धावणारे तेच गाणे इथे निम्म्या लयीत होते. उडी त्याच जागी होती. मग त्यांनी एक पांढरी पट्टी दाबली. आवाज आला नाही.

“मी लग्न होऊन आली तवापासून मुकी हाये. दुरुस्त करा म्हटलं, तं म्हणे हिले ओलांडूनच गातो.”

पट्टी मागच्या आठवड्यातही मुकी करता येते. मी तसे बोललो.

“मंग नेऊन खोला ना, भाऊ! पेटी काई लाजत नाई.”

बाजारात पेट्या दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याने ती खोलली. त्या पट्टीच्या रीडच्या (सूर देणारी पितळी जीभ) जागी मेण होते, धुळीने काळे पडलेले.

“हे माह्या हातचं. रीड तुटली होती. नवी टाकू म्हटलं तं शिवदासभाऊ ऐकेच ना. म्हणे, तिच्याविना चाल बसली आता, राहू दे. गडचिरोली चांदा जिल्ह्यात होती तवाची गोष्ट.”

शिवदास यांच्या कव्वाली पार्टीत आणखी कोण असे, मी विचारले.

“टाळ्या द्यायले आरमोरीकडचा एक होता. केशव.”

परत आरमोरीजवळच्या त्या गावी गेलो. जे पाहिले ते सांगितले. केशवभाऊंनी हातातला धानाचा भारा खाली ठेवला.

“आपल्या पेटीच्या तं साऱ्याच पट्ट्या वाजते, केशवभाऊ,” दौलतभाऊ म्हणाले.

“टाळ्या म्याच देत होतो,” केशवभाऊ म्हणाले. “नाव लिहून द्या, साहेब. कॅसेटवाल्याले देतो.”

मी कागदावर शिवदास यांचे पूर्ण नाव लिहिले. त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला.

दोन महिन्यांनी सुगंधाबाईंकडून टपालाने कॅसेट आली. सोबत चिठ्ठी नव्हती. आवरणावर छापले आहे : चाल – पारंपरिक.