मिरच्यांचे वाटे

मी आज जो काही आहे तो माझ्या वहिनींमुळे. त्या सातवीपर्यंत शिकलेल्या, मी घरातला पहिला पदवीधर, आणि मला गणित शिकवलं ते त्यांनी.

दोन हजार सालाच्या पुढेमागे सरकारी नोकरीच्या परीक्षेत मी दोनदा गणितात आपटलो होतो. तिसऱ्यांदा तेच झालं तर पुस्तकं बांधून ठेवायची आणि शेतात उतरायचं, असं घरात ठरलं होतं. दर बुधवारी वहिनी नाशिकला गोदाकाठच्या बाजारात भाजी घेऊन बसत. त्यांच्या शेजारी गोणपाटावर मी पुस्तक उघडून बसे.

एक गणित काही केल्या सुटेना. गाडी ताशी चाळीस किलोमीटरने गेली तर पंधरा मिनिटं उशिरा पोचते, साठने गेली तर पाच मिनिटं आधी, अंतर किती? त्रैराशिकाच्या सवयीने वेग दीडपट म्हणून वेळही दीडपट, असं मी मोठ्याने म्हणत मांडत होतो.

"भाऊजी, टेम्पो जोरात पळाला की जास्त वेळ लागतो व्हय?" वहिनींनी विचारलं. "मग आपला टेम्पोवाला बाजार उठल्यावरच पोचंल."

"पुस्तकात असंच मांडतात, वहिनी."

"मांडू द्या. रस्ता तेवढाच हाय ना?" त्यांनी मिरच्यांचे वाटे पुढे ओढले. "चाळीस न् साठ म्हंजे दोन वाटे न् तीन वाटे. वेळेचे उलटे करा. हळू गाडीला तीन, पळत्या गाडीला दोन. फरक केवढ्याचा?"

"एका वाट्याचा."

"आन् मिनिटांचा?"

पंधरा आणि पाच, वीस. म्हणजे एक वाटा वीस मिनिटांचा. हळू गाडीला तीन वाटे, एक तास. म्हणून अंतर चाळीस किलोमीटर. मागच्या पानावर उत्तर पाहिलं. तेच होतं.

"बीए झाले आन् वाटे जमंनात," म्हणत वहिनींनी त्यातले तीन वाटे गिऱ्हाइकाच्या पिशवीत टाकले. पुढचं गणित मला भेंडीवर सोडवावं लागलं. याला पुस्तकात व्यस्त चलन म्हणतात, असं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणू द्या."

सटाण्याला रुजू झाल्यावर मी त्यांना पत्र लिहिलं:

'ती. वहिनींस सा. न. खोली मिळाली, काम जमतंय. एक सांगायचं राहिलं. परीक्षेत तसंच गणित आलं होतं, फक्त टेम्पोच्या जागी आगगाडी. मी कच्च्या कामाच्या जागेत आधी तीन मिरच्या काढल्या, मग दोन. शेजारचा उमेदवार बघतच राहिला. उत्तर पहिल्या फटक्यात आलं. इथली एसटी रमतगमत जाते, म्हणून वाटे उलटे करून लवकर निघतो. येत्या बुधवारी रजा काढली आहे. माझं गोणपाट अंथरून ठेवा.'