टकमक

तिचं टकमक हे नाव वसतिगृहात पडलं. समोरचा बोलायला लागला की ही त्याच्या चेहऱ्याकडे पापणी न हलवता बघत बसायची. वर्गातल्या एका मुलाला तर वाटलं, ही आपल्यावर भाळली. बिचारा दोन दिवस केस चापूनचोपून बसवून आला. तिसऱ्या दिवशी ती भिंतीवर घड्याळ लावणाऱ्या माणसाकडेही तशीच बघताना दिसली, तेव्हा त्याचा भ्रम फिटला.

तिचे आईबाबा जन्मापासून बहिरे. घराच्या पुढच्या खोलीत चित्रांना चौकटी करून द्यायचं दुकान. बाबा लाकडाच्या पट्ट्या कोनात कापायचे, आई काच कापायची. हिऱ्याचं टोक काचेवरून फिरवताना काच कुठे तडकणार, हे तिला बोटांतूनच कळायचं. त्या घरात बोलणं हातांचं. हाक मारायची तर जमिनीवर पाय आपटायचा किंवा दिवा उघडझाप करायचा. एकुलती एक लेक तेवढी ऐकणारी. त्यामुळे दार कुणी वाजवलं, दूध उतू जाताना सूं सूं झालं, गिऱ्हाईक काय म्हणालं, सगळं तिच्याच कानांवर. गल्ल्याच्या वर डोकं पोचत नव्हतं तेव्हापासून ती स्टुलावर उभी राहून गिऱ्हाइकांशी बोलायची.

विद्यापीठात आली आणि पहिले काही आठवडे तिला पाण्याखाली असल्यासारखं वाटत राहिलं. आवाजच आवाज! जिन्यात, जेवणघरात, नळावर, आणि त्यातला एकही कुणाला सांगायचा नाही. कुठे काही खट्ट झालं की तिचे हात आपोआप वर यायचे, हवेत जरा थांबायचे आणि मुकाट्याने मांडीवर परत जायचे. भूगोलाचे प्राध्यापक फळ्याकडे तोंड करून शिकवायचे. शब्द स्पष्ट ऐकू यायचे, पण चेहरा दिसत नसल्यामुळे अर्थ निसटून जायचा. एवढ्या मोठ्या सभागृहात ती शेवटच्या बाकावर बसून त्यांच्या कोटाच्या पाठीवरच्या सुरकुत्या बघत राही. त्यांत तिला नद्या दिसत, उपनद्या दिसत, आणि तास कधी संपला ते कळत नसे.

तिच्या खोलीतली मुलगी म्हणजे नुसती बडबड. तिला सगळे रेडिओ म्हणत. एकदा टकमकने तिला बोलवायला दिवा चारदा लावला-विझवला, तशी ती उसळली.

"अगं बाई, तोंड आहे ना तुला? हाक मार की! मला वाटलं वायरिंग जळालं!"

टकमक ओशाळली. घरचं काही तिने सांगितलं नव्हतं. सांगितलं की लोक कीव करतात, हे तिला गल्ल्यामागे उभं राहून पाठ झालेलं.

मग एका सुट्टीच्या दुपारी ती खिडकीशी झोपली होती. पडदा वाऱ्याने फुगत होता, बसत होता. जागी झाली तर रेडिओ चक्क गप्प, खुर्ची ओढून समोर बसलेली.

"तू झोपेत हात हलवत होतीस," ती हळूच म्हणाली. "नुसते हलवत नव्हतीस, काहीतरी सांगत होतीस. कुणाला?"

"आईला," टकमक म्हणाली, आणि तिला रडूच फुटलं. मग सगळं सांगून झालं.

रेडिओने कीव केली नाही. डोळे पुसायला रसायनशास्त्राच्या प्रयोगांचा पांढरा कोट दिला आणि म्हणाली, "मला शिकव. वाचनालयात बोलू देत नाहीत, माझा जीव जातो तिथे!"

आठ-पंधरा दिवसांत दोघी वाचनालयाच्या लांबच लांब टेबलाच्या दोन टोकांना बसून गप्पा मारू लागल्या. रेडिओ हातांनीही तेवढीच बडबडी निघाली, आणि अशुद्ध. "भूक लागली" म्हणायला जाऊन "छप्पर पडलं" म्हणायची. टकमक टेबलावर डोकं ठेवून हसायची. ग्रंथपालबाई चष्म्यावरून बघायच्या, पण आवाज तर काहीच नाही, मग रागवायचं कशाला?

पहिली सहामाही संपली आणि टकमक घरी गेली. दुकानात पाऊल टाकते तोच मागून एक गिऱ्हाईक आलं, जुने हेडमास्तर. सवयीने ती पुढे झाली, "या, काय हवंय?" पण हेडमास्तरांची नजर तिला ओलांडून बाबांकडे गेली. त्यांनी बोटांनी हवेत छोटा चौकोन काढला, छातीवर हात ठेवला, मग आभाळाकडे बोट केलं. बाबांनी मान डोलावून निळी पट्टी काढली. दोघं खुदकन हसले. कशावर, ते तिला कळलं नाही.

तिच्या पायाखालची जमीनच सरकली. इतके दिवस आपण नसताना यांचं कसं होत असेल, म्हणून घास गिळवत नव्हता. आणि इथे सगळं सुरळीत! संध्याकाळी ती आईशी हातांनी जरा तणतणलीच, "माझ्याशिवाय छान चाललंय तुमचं."

आईने हातातली काच बाजूला ठेवली. "तू असताना सगळे तुझ्याशीच बोलायचे," तिचे हात म्हणाले. "आमच्याकडे कुणी बघायचंच नाही. तू गेलीस, मग बघायला लागले." मग लेकीचा चेहरा बघून तिने तिची हनुवटी धरली. "आठवण वेगळी, गं. ती रोज येते."

त्या रात्री टकमक लहान पोरीसारखी गाढ झोपली.

दुसऱ्या सहामाहीत भूगोलाच्या तासाला ती पुढच्या बाकावर जाऊन बसली, आणि एके दिवशी उभी राहून म्हणाली, "सर, जरा आमच्याकडे तोंड करून बोलाल का?" वर्ग हसला. प्राध्यापक वळले, खडूची पूड लागलेलं कपाळ पुसत म्हणाले, "हो की! गेली कित्येक वर्षं फळ्यालाच शिकवतोय बहुतेक." तेही हसले. तरी वार्षिक परीक्षेत एका विषयात तिची दांडी उडालीच. रेडिओची दोन विषयांत उडाली, म्हणून दोघींनी दुःख वाटून घेतलं.

निकालानंतर दोघी मैदानातल्या गवतावर आडव्या झाल्या. रेडिओला बोलता बोलता झोप लागली. टकमक डोळे मिटून पडून राहिली. लांब कुठेतरी कुणी सायकलची घंटी वाजवत गेलं. गवतात किडे किरकिरत होते, समोरच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर कुणीतरी बाकं सरकवत होतं. तिने सगळं ऐकलं. तिचे हात गवतात शांत पडलेले होते, उन्हाने हळूहळू कोमट होत.