सोड्याचा पहिला मग

बाबांची अँजिओप्लास्टी होऊन दोन दिवस झाले होते. आई त्यांच्याजवळ सदाशिव पेठेतल्या हॉस्पिटलात, आणि बिबवेवाडीच्या फ्लॅटमध्ये मी एकटी. एकटी म्हणजे मी आणि बाबांचे तेहतीस मासे.

हॉलची एक भिंत त्यांच्या सहा फुटी टाकीनेच भरलेली होती. मासे आफ्रिकेतल्या मोठ्या सरोवरातले, सिक्लिड जातीचे. पिवळे, निळे, पट्ट्यापट्ट्यांचे, आणि एकजात भांडकुदळ. त्यांना जड, अल्कधर्मी पाणी लागतं. आपल्या नळाचं पाणी पडलं मऊ. म्हणून बाबा दर रविवारी थोडं पाणी बदलायचे, नव्या पाण्यात मोजून खायचा सोडा घालायचे आणि पीएच आठच्या खाली उतरू द्यायचे नाहीत. कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांनी तीस वर्षं सहायक म्हणून काढली होती. टाकीला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

मी तेव्हा एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगला होते. रिलीज तोंडावर आलेलं. त्याआधीचे तीन रविवार बाबांनी पाणी बदललं नव्हतं. "जरा दम लागतोय, बघू पुढच्या आठवड्यात," असं म्हणाले होते. मी लॅपटॉपमधून मानही वर केली नव्हती.

त्या गुरुवारी दुरुस्तीसाठी दिवसभर वीज बंद होती. फिल्टर बंद, हवेचा पंप बंद. मी ऑफिसात, आणि तिथून हॉस्पिटलात. शुक्रवारी सकाळी चहा घेऊन हॉलमध्ये आले तर सगळे मासे वर, पाण्याच्या कडेला तोंडं लावून हवा ओढताहेत. कुणी कुणाच्या मागे लागलेलं नाही. रोज सगळ्यांना पिटाळणारा मोठा निळा नर कोपऱ्यात कलंडलेला. माझ्या हातातला चहा बशीत सांडला.

बाबांच्या पाणी तपासायच्या बाटल्या काढल्या. काचेच्या नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले, तक्त्याशी रंग ताडून पाहिला. पीएच साडेसहा. पुन्हा केलं. साडेसहाच. अमोनियाची नळी तर गडद हिरवी झाली, म्हणजे तो भरपूर वाढलेला.

पाणी आंबट झालंय, तर सोडा घालायचा, एवढंच मला सुचलं. मगभर पाण्यात मूठभर सोडा ढवळला आणि ओतला. दुसरा मग ढवळायला घेतला तेवढ्यात टाकीत धडपड सुरू झाली. मासे काचेवर आपटू लागले. कल्ल्यांच्या कडा लालभडक दिसत होत्या. मी काहीतरी भयंकर केलं होतं, आणि काय केलं तेच मला कळत नव्हतं.

आईला फोन लावला. "काही असलं तरी त्यांना सांगू नकोस," ती कुजबुजली. "डॉक्टर म्हणालेत, ताण नको." मग खसफस झाली आणि बाबांचा आवाज आला. "बोल. पीएच किती?"

मी सांगितला. त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता, आणि मागे कुठल्यातरी यंत्राची टिकटिक. ती टिकटिक आता वाढेल, माझ्यामुळे वाढेल, असं वाटलं.

"अमोनिया?"

"गडद हिरवा."

"सोडा टाकलास?"

मी आधी ढवळलेला दुसरा मग टेबलावर ठेवला. "नाही," मी म्हणाले.

"नीट ऐक. आंबट पाण्यात अमोनिया निजलेला असतो. सोड्याने तो जागा होतो आणि कल्ले जाळतो. आता सोड्याचा कणही नको. मागच्या आठवड्यात मी भरून ठेवलेला ड्रम आहे ना? त्यातलं क्लोरीन उडालं असेल. दर तासाला दोन बादल्या काढ, दोन घाल. धार बारीक. खायला काही देऊ नकोस. पंप चालू आहे का बघ, आणि..."

"आजोबा, फोन द्या इकडे," सिस्टरचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

मी ऑफिसला कळवलं की येत नाही. दिवसभर दोन बादल्या काढत आणि दोन घालत राहिले. मधल्या वेळात फोनकडे बघत बसायचे. तो वाजला तर आईचाच असणार आणि ती एकच गोष्ट सांगणार, असं मनाने घेतलं होतं. फोन एकदाच वाजला. आमच्या टीमलीडचा होता. मी इतक्या जोरात "काय झालं?" म्हणाले की तो बिचारा काय विचारायचं तेच विसरला.

दुपारी निळा नर गेला. त्याच्या मागे आणखी पाच. एका पिवळ्या मादीच्या तोंडात पिल्लं होती. या जातीत आई पिल्लांना तोंडातच सांभाळते, तोवर काही खात नाही. तिने ती सगळी बाहेर टाकली. तांदळाच्या कणीएवढी पिल्लं वाळूवर पडली, आणि त्यांना गिळायचंही त्राण कुणात उरलं नव्हतं. चारच्या सुमाराला मी बादली घेऊन आले तेव्हा मादी खाली उतरली होती आणि एकेक पिल्लू उचलून परत तोंडात घेत होती. मी बादली खाली ठेवली आणि मोठ्याने रडले.

बाबा सोमवारी घरी आले. चप्पल न काढताच टाकीसमोर उभे राहिले. ओठ हलवत मासे मोजले.

"सत्तावीस."

मला राहवलं नाही. "बाबा, मी फोनवर खोटं बोलले. एक मग सोडा टाकला होता."

"माहीत आहे," ते म्हणाले. "नाही म्हणायला जरा वेळ घेतलास. तीस वर्षं पोरांची खोटी रीडिंग्ज ऐकली आहेत मी."

"मग रागावला का नाहीत?"

ते सोफ्यावर टेकले. हात छातीवर ठेवला. तशी त्यांना आता सवयच लागली होती. "रागावलो असतो तर तू फोन ठेवला असतास. मग बादल्या कुणी उचलल्या असत्या, सिस्टरने?"

त्यानंतर त्यांना वजन उचलायला मनाई झाली आणि रविवार माझ्याकडे आला. ते सोफ्यावरून सूचना द्यायचे, बहुतेक उपरोधिक. पुढे कितीतरी महिने मी सोडा तीनतीनदा मोजायचे. ते त्यांना दिसायचं, पण तेवढ्यापुरते ते पेपरात डोकं घालायचे.