मॉनिटर नसलेला वर्ग

शालिनीकाकू गेल्याचा निरोप आला तेव्हा मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. आमच्या रविवारच्या मराठी वर्गाच्या ग्रुपवर काकांनी दोनच ओळी लिहिल्या होत्या... पहाटे झोपेतच गेली, त्रास झाला नाही. खरं सांगते, मला रडू आलं नाही. नऊ महिने मी या बाईंशी एक शब्द बोलले नव्हते, आणि अबोला सोडायचा की नाही हेही माझं अजून ठरत नव्हतं. मग सई आठवली. सई माझी मुलगी, बारावीत. तिला हे कसं सांगायचं, या विचाराने मी कामातून उठून पार्किंगमध्ये गाडीत जाऊन बसले, फोन हातात घेतला आणि परत ठेवला. ती शाळेतून आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. "आय नो, आई. काकांनी मला कॉल केला होता," एवढंच म्हणाली. मला नाही, तिला.

काकू मूळच्या नागपूरच्या. डॉक्टर नवऱ्याबरोबर पंचेचाळीस वर्षांपूर्वी मॅसॅच्युसेट्समध्ये आल्या, इथल्या शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या आणि दर रविवारी दहा वाजता आमच्या गावच्या लायब्ररीच्या तळघरातल्या खोलीत मराठी शिकवू लागल्या. सई सात वर्षांची असल्यापासून तिथे जायची. मी तिला दाराशी सोडून बाहेर गाडीत लॅपटॉप घेऊन बसायचे. पहिल्या दिवशी लायब्ररीच्या दारातच मी काकूंना विचारलं होतं, "वर्गात मॉनिटर कोण आहे?" कारण सांगलीच्या शाळेत मी पाचवीपासून दहावीपर्यंत मॉनिटर. बाई वर्गाबाहेर गेल्या की फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहायचं माझं काम. माझं अक्षर चांगलं होतं आणि मैत्रिणी कमी. काकू हसल्या. म्हणाल्या, "अगं, मुलांनी बोलावं म्हणून तर हा वर्ग आहे. बोलणाऱ्यांची नावं लिहून मी काय करू?" मीही हसले, पण मनातून काही ते पटलं नाही. शिस्त लावणारं कुणीतरी हवंच, असं मला वाटायचं... अजूनही थोडंसं वाटतं.

अकरावीत सईला तिच्या शाळेतल्या वर्गाने आपली प्रेसिडेंट म्हणून निवडलं, तेव्हा मी सांगलीला फोन करून आईला सांगितलं, "सई मॉनिटर झाली!" आईने शेजारपाजारी पेढे वाटले. मी स्वभावाने काळजीखोर आहे. माझा पगारच मुळी सॉफ्टवेअरमध्ये काय काय बिघडू शकेल हे शोधण्यासाठी मिळतो, आणि घरी आल्यावरही मी तेच करते. त्यातून आमचे ग्रीन कार्डाचे कागद बारा वर्षं रांगेत. या देशात आपलं नाव कुठल्याही वाईट यादीत येऊ नये, एवढंच मी देवाकडे मागत असते. हेडलाइट बंद आहे म्हणून पोलिसाने एकदा गाडी थांबवली, तर मला आठवडाभर जेवण गेलं नव्हतं.

आणि मग जानेवारीत ते सगळं झालं. सईच्या शाळेने तास चालू असताना मुलामुलींची सगळी बाथरूम्स कुलूपबंद ठेवायला सुरुवात केली, एक सोडून. आत काही मुलं व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, ओढतात म्हणून. मुली रडकुंडीला आल्या, तक्रारी झाल्या, कुणी दाद घेतली नाही. तेव्हा एका दिवशी चौथ्या तासाला शंभरेक मुलं वर्गातून उठून कॉरिडॉरमध्ये जमिनीवर गप्प बसून राहिली. प्रिन्सिपलने सईला बोलावून घेतलं. हे कुणी ठरवलं त्यांची नावं दे, सोमवारपर्यंत विचार कर, तुझ्यावर कारवाई होणार नाही. सई स्वतः बसलेली होती हे तिने तिथल्या तिथे सांगून टाकलं होतं. बाकीची नावं द्यायला ती तयार नव्हती.

मी हाय खाल्ली. शाळेची कारवाई म्हणजे रेकॉर्ड, रेकॉर्ड म्हणजे कॉलेज, आणि पुढे कुठल्या साहेबाच्या टेबलावर ते कागद जातील कोण जाणे. "प्रेसिडेंट आहेस ना तू? मग नावं देणं हे तुझं कामच आहे," मी म्हटलं. ती म्हणाली, "आई, आय अ‍ॅम नॉट देअर मॉनिटर. त्यांनी मला निवडलंय, प्रिन्सिपलने नाही." नवरा म्हणाला, तिचं तिला ठरवू दे. त्याचं काय जातंय असं म्हणायला! शेवटी रविवारी दुपारी मी काकूंना फोन केला. "तुमचं ऐकते ती. काहीही करा पण तिला समजवा." सईला त्यांच्या घरी सोडलं आणि तासभर बाहेर गाडीत जीव मुठीत धरून बसले. ती बाहेर आली तेव्हा तिचं नाक लाल झालेलं होतं. सीटबेल्ट लावून खिडकीबाहेर बघत बसली. दुसऱ्या दिवशी तिने प्रिन्सिपलला 'नाही' म्हणून सांगितलं. दोन दिवस सस्पेन्शन, प्रेसिडेंटपद गेलं, घरी पत्र आलं.

पत्र हातात घेऊनच मी काकूंना फोन लावला. काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. "मी तुमची मदत मागून तिला पाठवलं होतं, आणि तुम्हीच तिच्या डोक्यात हे भरवलंत," हे मात्र म्हटलं, दोनदा म्हटलं. मग काकू म्हणाल्या, "असेल गं..." त्या शांत उत्तराने तर माझा आणखीच भडका उडाला. सईला वर्गात पाठवणं मी बंद केलं. गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात काकू हातात दोन बशा घेऊन माझ्याच दिशेने येत होत्या, आणि मी फोन कानाला लावून बाहेर निघून गेले. फोनवर कुणीही नव्हतं. ती आमची शेवटची भेट.

काकू गेल्यानंतर दोन आठवड्यांनी सई जेवणाच्या टेबलावर कॉलेजचा फॉर्म भरत होती. 'तुमच्यावर शाळेने कधी शिस्तभंगाची कारवाई केली आहे का?' हा प्रश्न त्यात होताच. जानेवारीपासून मी ज्याला घाबरत होते तोच. तिने 'हो'वर खूण केली आणि खाली खुलासा लिहिला. मी तो वाचला. सगळं सरळ लिहिलेलं होतं, पण काकूंचा उल्लेख कुठेच नव्हता. "त्यांनी तुला हे शिकवलं, निदान त्यांचं नाव तरी घाल," मी म्हटलं. माझा आवाज चांगला नव्हता. सईने लॅपटॉप मिटला.

"काकूंनी मला नावं दे म्हणून सांगितलं होतं, आई."

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय. मग ती बोलत राहिली, अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी. तासभर काकू माझीच बाजू मांडत होत्या. आईची भीती खरी आहे, तुमचे कागद अडकलेत, हा हट्ट तुला परवडणारा नाही. "शी आर्ग्यूड सो हार्ड फॉर यू. मी रडले. पण मला नाहीच पटलं. मग त्या म्हणाल्या, ठीक आहे, तुझं तू ठरवलंस ना? मग आईला मी काय बोलले ते सांगू नकोस. तिचा राग माझ्यावर राहू दे. तुला त्या घरात राहायचंय."

नऊ महिने त्या दोघींनी ते पाळलं. फॉर्म तसाच गेला. अजून उत्तर आलेलं नाही. रोज सकाळी मी आधी ईमेल बघते आणि मग चहा ठेवते. भीती काही कमी झालेली नाही, उगाच शहाणपण आल्याचा आव कशाला आणू? पण ज्यांच्यावर नऊ महिने दात खात होते त्यांच्यापुढे जाऊन 'काकू, चुकलं माझं' म्हणायची सोय आता उरली नाही, आणि ते सगळ्यात जड जातं.

आता रविवारचा वर्ग सई घेते. गेल्या रविवारी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी गाडीतून उतरून तिच्यामागे खाली गेले. मुलं खुर्च्या गोलात लावत होती. सात-आठ वर्षांच्या एका मुलीने एक खुर्ची गोलाबाहेर, दाराजवळ ओढत नेऊन ठेवली. मी सईला विचारलं, ही कुणाची? "ती नेहमीच ठेवतो आम्ही," ती पुस्तकं वाटता वाटता म्हणाली. "काकू म्हणायच्या, कुणाच्या आईला नाहीतर बाबांना खूप काळजी वाटत असेल, तर त्यांना आत येऊन बसता यायला हवं."

मी दाराजवळच्या त्या खुर्चीत बसले. मुलं मोठमोठ्याने बोलत होती, आणि कुणीच त्यांना गप्प बसवत नव्हतं.